गाऱ्हाणे कोणी घालायचे? देव न मानणाऱ्याच्या धर्माला अर्थ असतो का

गंगावेशकर | रविवार, रात्री ९.४०

आमचे मूळ गाव पन्हाळा तालुक्यात आहे. तिथल्या आमच्या भावकीची सासनकाठी दर चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला, ज्योतिबाच्या डोंगरावर जाते. ज्यांनी ही यात्रा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सासनकाठी म्हणजे उंच, सरळ कळक, म्हणजेच बांबू. आमचा साधारण ३० फुटांचा आहे. त्याला कापड गुंडाळून सजवतात, एक जण तो तळाशी तोलून धरतो आणि वरून सोडलेले दोर बाकीची माणसे चारी बाजूंनी ताणून धरतात. एका बाजूचा दोर सैल पडला की काठी कलते आणि मग बाकीच्यांचे बळ काही उपयोगाचे राहत नाही. गुलालाने डोळे भरलेले असतात, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" या घोषात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तरीही दोर ओढायचा की सोडायचा हे प्रत्येकाला हाताला जाणवणाऱ्या ताणावरून बरोबर कळते. गेली २६ वर्षे त्यातला एक दोर माझ्या हातात आहे.

माझा देवावर विश्वास नाही. हा कोणावरचा राग नाही आणि कोणत्या दुःखातून आलेला निष्कर्षही नाही. विशीत असताना वाचन वाढले, प्रश्न पडले आणि एक दिवस लक्षात आले की आपण प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कोणी आहे असे आपल्याला वाटतच नाही. आमच्या आबांना मी हे सांगितले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग "बरं, दोर धरायला येशील ना?" एवढेच त्यांनी विचारले. मी जात राहिलो.

गेल्या श्रावणात आबा वारले. काठी उभी करण्याचा मान आमच्या थोरल्या घराचा असल्यामुळे यंदापासून तो माझ्याकडे येतो, असे भावकीचे म्हणणे आहे. अडचण अशी की काठी उभी करण्यापूर्वी नारळ वाढवून सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालावे लागते. पाऊस वेळेवर पडू दे, गुरेवासरे निरोगी राहू देत, लेकीबाळी सुखात नांदू देत, कोणाचे काही चुकले असेल तर पोटात घे, असे ते गाऱ्हाणे असते. दोर धरणे आणि हे शब्द उच्चारणे या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. दोर धरताना मी काहीच बोलत नाही. गाऱ्हाणे घालताना मात्र मी कोणाशी तरी बोलतो आहे, असे ऐकणारे सगळे जण समजणार.

देव आहे की नाही हा वाद इथे नको; त्यावर पुष्कळ धागे निघालेले आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या मनात देव नाही, त्याच्यापुरते या सगळ्याला, म्हणजे यात्रा, काठी, कुळाचार, सण आणि दिवसकार्य यांना, काही खरा अर्थ उरतो का? की तो अर्थ म्हणजे सवय आणि माणसांची माया एवढेच असते, आणि आपण त्याला उगीच धर्म म्हणतो? पौर्णिमेला अजून सात आठवडे आहेत. मला काहीतरी ठरवायचे आहे.

एक वारकरीण | सोमवार, सकाळी ६.१५

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. माझ्या मते देवाशिवाय धर्म म्हणजे पाण्याशिवाय घाट. पायऱ्या सुंदर असतात, दगड घडीव असतात, माणसे तिथे बसतात, गप्पा मारतात आणि त्यांना बरे वाटते. पण घाट बांधला गेला तो नदीसाठी.

मी ३१ वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले. रात्रपाळीत, ज्याचा माणूस आत अत्यवस्थ आहे, अशा शेकडो नातेवाइकांना मी व्हरांड्यात बसलेले पाहिले आहे. त्या वेळी कोणाला समाजाची एकजूट आठवत नाही, परंपरेचे सौंदर्य आठवत नाही. माणूस हाक मारतो. हाकेला ऐकणारा हवा. तो ऐकतो की नाही, ऐकून काही करतो की नाही, हा पुढचा प्रश्न. पण ऐकणारा कोणी नाही हे ठाऊक असताना मारलेली हाक ही हाकच नव्हे. धर्माचे सगळे बाह्य रूप, म्हणजे माळ, टिळा, पालखी, उपवास, हे त्या एका हाकेभोवती वाढलेले आहे, असे मी मानते.

आपण दोर धरता याला माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. आपल्या आबांनीही तेच केले: मुलाला बाहेर काढले नाही आणि खोटे बोलायलाही लावले नाही. गाऱ्हाणे मात्र आपण घालू नये. ते शब्द ज्यांचे आहेत त्यांच्याशी ती प्रतारणा होईल.

जुनी पोथी | सोमवार, दुपारी १२.०५

वारकरीण ताईंच्या भावनेचा मी आदर करतो, पण धर्म आणि ईश्वर यांची ही गाठ आपल्या परंपरेत त्या म्हणतात तितकी घट्ट कधीच नव्हती, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी संस्कृत शिकवत होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

वैदिक यज्ञधर्माचा सर्वांत कडवा कैवार घेतला तो पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने. जैमिनींच्या सूत्रांचा पहिलाच विषय 'धर्मजिज्ञासा' हा आहे. धर्म म्हणजे काय, तर वेदवाक्याने जे करायला सांगितले आहे ते. या संपूर्ण शास्त्राला जग निर्माण करणारा ईश्वर लागत नाही. सातव्या शतकाच्या सुमाराला होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी तर सृष्टिकर्त्याच्या कल्पनेविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला आहे. त्यांचा एक प्रश्न मी वर्गात नेहमी सांगत असे: जर सृष्टीच्या आधी काहीच नव्हते, तर ईश्वराने ती निर्माण केली हे पाहिले कोणी आणि सांगितले कोणी? देवतांबद्दलची मीमांसकांची भूमिका याहूनही धक्कादायक आहे. 'इन्द्राय स्वाहा' म्हणून आहुती दिली जाते, पण इंद्राला शरीर नाही, तो येऊन हवि खात नाही, प्रसन्न होत नाही आणि फळही देत नाही. आहुती कोणाला उद्देशून द्यायची, एवढ्यापुरतीच देवता. फळ येते ते कर्मातून उत्पन्न होणाऱ्या 'अपूर्व' नावाच्या अदृश्य शक्तीमुळे.

म्हणजे आयुष्यभर अग्निहोत्र करणारा माणूस ईश्वर न मानताही पूर्ण आस्तिक समजला जात होता. मनुस्मृतीने नास्तिकाची ओळख दिली आहे ती 'वेदनिंदक' अशी. ईश्वर नाकारणारा अशी दिलेली नाही. 'देव न मानणारा तो नास्तिक' हा अर्थ आज आपल्या अंगवळणी पडला आहे, पण शास्त्रग्रंथांतला तो जुना अर्थ नव्हे.

आपल्या बोलीतही पाहा. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मादाय, 'धर्म कर माय' ही भिक्षेकऱ्याची आळवणी, पाण्याचा धर्म वाहणे. यांपैकी कुठे ईश्वर आहे? मराठी माणसाच्या तोंडात धर्म हा शब्द येतो तो बहुधा 'करण्याची गोष्ट' म्हणून. गंगावेशकर, या हिशेबाने आपण २६ वर्षे जे करत आहात तो पूर्ण अर्थाने धर्म आहे, आणि गाऱ्हाणे हाही त्या विधीचा एक भाग आहे. मीमांसक आपल्याला सांगेल की शब्द जसे आहेत तसे, स्पष्ट आणि न अडखळता उच्चारा. ऐकणारा कोण याची चिंता विधीने आपल्यावर टाकलेली नाही.

शिरोळचा मळा | सोमवार, रात्री १०.३०

मी दिगंबर जैन आहे, शिरोळ तालुक्यात आमची शेती आहे, आणि या धाग्यावर लिहिणे मला भाग वाटते. कारण हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे, असे बाहेरून वाटते. तो तसा अर्धाच सुटला आहे.

आमच्या धर्मात जगाचा कर्ता नाही, पालनकर्ता नाही आणि न्याय करणाराही नाही. नवव्या शतकातल्या आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे सरळ खंडन केलेले आहे. तीर्थंकर हे वीतराग आहेत. ज्याला राग-द्वेष उरलेले नाहीत तो कोणावर प्रसन्न होणार नाही आणि कोणावर कोपणारही नाही. म्हणून त्यांच्याकडे काही मागायचे नसते. णमोकार मंत्रात कोणाचे नाव नाही आणि कसली मागणीही नाही; अर्हंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच पदांना फक्त वंदन आहे. मग वंदन तरी कशासाठी? तत्त्वार्थसूत्राच्या मंगलाचरणात याचे उत्तर दोन शब्दांत दिले आहे: 'वन्दे तद्गुणलब्धये'. त्यांचे गुण माझ्यात यावेत म्हणून मी वंदन करतो. कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावर मी लहानपणापासून जातो. त्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर कोणी माझे ऐकते आहे असे मला कधीच वाटले नाही, पण मी ताठ उभा राहतो, आवाज खाली येतो, आणि ज्याच्याशी भांडण सुरू आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

आपल्याच भागातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून, देह ठेवला. माझ्या आजोबांनी त्यांचे अखेरचे दर्शन घेतले होते. कोणाच्याही कृपेची अपेक्षा न ठेवता एक माणूस इतक्या शांतपणे मृत्यूला सामोरा जातो, हे त्यांनी पाहिले. वारकरीण ताई, हाक न मारणारा धर्म पोकळ असतो, हे मला त्यामुळे मान्य करता येत नाही.

पण आता दुसरी बाजू, आणि ती मी लपवणार नाही. एक तर आमचा धर्म ईश्वराशिवाय आहे, श्रद्धेशिवाय नाही. रत्नत्रयात, म्हणजे आमच्या मोक्षमार्गाच्या तीन अंगांत, पहिले स्थान सम्यग्दर्शनाला, म्हणजे योग्य श्रद्धेला आहे. आत्मा आहे, कर्म आहे, मोक्ष आहे, यांवर दृढ विश्वास हवा. तो विश्वास नसलेला जैन हा देव न मानणाऱ्या हिंदूसारखाच अडचणीत असतो. दुसरे असे की शास्त्र काहीही म्हणो, आमच्या बायकापुरुषांनी मागण्यासाठी जागा शोधलीच. पद्मावती देवीसमोर आमच्या आईने माझ्या परीक्षेसाठी, बहिणीच्या लग्नासाठी आणि विहिरीला पाणी लागावे म्हणून मागणे मागितलेले मी स्वतः ऐकले आहे. माणसाला ऐकणारा लागतो, हे ताईंचे म्हणणे आमच्याच घराने खरे करून दाखवले आहे.

तेव्हा 'देवाशिवाय धर्म' हा प्रश्न मला दोन ठिकाणी तोडावासा वाटतो: ईश्वर नाही पण सत्याविषयी काही ठाम श्रद्धा आहे, असा धर्म एक, आणि कशावरच श्रद्धा नाही पण आचार आहे, असा धर्म दुसरा. पहिला निश्चित उभा राहतो. गंगावेशकर दुसऱ्याविषयी विचारत आहेत, असे मला वाटते.

निळी वाट | मंगळवार, रात्री ८.५०

शिरोळच्या मळ्याने केलेली विभागणी महत्त्वाची आहे. मी तिच्यात एक प्रश्न घालतो: अर्थ आहे, तो कोणासाठी?

मी हातकणंगले तालुक्यातला. माणगाव आमच्यापासून जवळ आहे, जिथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तिथे येऊन बाबासाहेबांच्या नेतृत्वाला जाहीर मान्यता दिली. पुढे १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली. देव मानायचा नव्हता तर केवळ बुद्धिवादी होऊन राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांच्याइतके वाचलेला माणूस क्वचितच सापडेल. तरीही त्यांनी धर्म सोडून मोकळे राहणे निवडले नाही, तर ईश्वर नसलेला धम्म स्वीकारला. यातच या धाग्याच्या प्रश्नाचे मोठे उत्तर आहे, असे मला वाटते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मांडले आहे की इतर धर्मांत ईश्वराची जी जागा आहे, ती धम्मात नीतीची आहे. ही नीती नुसती सोयीची असून चालत नाही, ती पवित्र मानली गेली पाहिजे; कारण बलवानाला सोयीची नीती दुबळ्याचे रक्षण करत नाही. म्हणून पावित्र्य हवे, संघ हवा, वंदना हवी. देव नको.

पण याच बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांत जुन्या देवांची उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, असेही म्हणवून घेतले. विश्वास गेला पण विधी राहू दे, ही मधली वाट त्यांनी ठेवली नाही. का ठेवली नाही, याचा विचार करावा. जुन्या आचारात फक्त माया आणि आठवणी नसतात. कोण पुढे उभा राहणार आणि कोण लांब, याची वाटणीही त्यात गुंफलेली असते. वेदोक्त प्रकरण आठवा. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला. त्या घाटावर देव आहे की नाही हा प्रश्न कोणाच्याच मनात नव्हता. भांडण होते ते मंत्र कोणासाठी म्हणायचे यावर. धर्म देवाशिवाय चालतो याचे हे वाईट उदाहरण आहे: देव बाजूलाच राहिला आणि अधिकार तेवढे उरले.

गंगावेशकर साहेब, आपल्याविषयी मला आदर वाटला, म्हणून विचारतो. आपल्या गावात त्या काठीचे दोर कोणाच्या हातात असतात? कोणाच्या हातात कधीच नव्हते? आपल्याकडे येणारा तो 'मान' नेमका कशाचा आहे? श्रद्धावान माणूस म्हणू शकतो की देवाने ठरवलेली रीत आहे, मी बदलणारा कोण. आपल्याला ती सबब नाही. जो देव मानत नाही त्याच्यासाठी प्रत्येक रीत माणसाने घातलेली असते, आणि म्हणून ती चालू ठेवली तर तिची जबाबदारीही पूर्णपणे त्याचीच असते.

गंगावेशकर | मंगळवार, रात्री ११.२०

निळी वाट, आपला प्रश्न वाचून मी थांबलो. खरे उत्तर असे की आमच्या काठीला भावकीबाहेरचे हात अलीकडच्या दहा-बारा वर्षांत लागले, आणि तेही शहरात नोकऱ्यांना गेलेल्या तरुणांमुळे माणसे कमी पडू लागली म्हणून. आमच्या घरच्या बायका काठीची पूजा करतात, तिला कापड शिवतात, पण उभी करताना बाजूला असतात. मी २६ वर्षांत याविषयी एक अक्षर बोललेलो नाही. विश्वास नसलेला माणूस म्हणून मी स्वतःला पाहुणा समजत होतो, आणि पाहुणा घरच्या रीतीवर बोलत नाही. ही माझी पळवाट होती, हे आज कळते आहे.

काळा कोट | बुधवार, सकाळी १०.१०

थोडी उलटी बाजूही नोंदवतो. धर्माशिवाय देव हीसुद्धा आपल्याकडची जुनी वाट आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला तो ईश्वर नाकारून नव्हे. त्यांचा 'निर्मीक' हा जगाचा कर्ताच आहे. नाकारला तो मध्यस्थ. १९११ साली कोल्हापुरातही सत्यशोधक समाज सुरू झाला आणि पुरोहिताशिवाय लग्ने लागू लागली. मुंबई उच्च न्यायालयासमोर २०१४ साली निकाली निघालेले एक प्रकरणही असेच आहे: येशूवर श्रद्धा असलेल्या पण कोणताच धर्म मानत नसलेल्या अर्जदारांनी सरकारदरबारी 'कोणताही धर्म नाही' अशी नोंद मागितली होती, आणि कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. देव आहे पण धर्म नाही हे शक्य असेल, तर धर्म आहे पण देव नाही हे अशक्य का मानावे? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांच्या आयुष्यात त्या एकत्र येतात, इतकेच.

पाचवा सूर | बुधवार, रात्री ९.००

मी मुसलमान आहे आणि गावातल्या एका जुन्या तालमीच्या शेजारी वाढलो आहे. माझ्या धर्मापुरते बोलायचे तर उत्तर सरळ आहे: ईमान पहिले. कलमा हा इस्लामचा पहिला आधार आहे आणि नमाज, रोजा, जकात, हज हे त्यानंतर येतात. अल्लाहवर विश्वास नसलेल्या माणसाची नमाज ही माझ्या दृष्टीने उठाबशा आहेत. त्यामुळे 'धर्म' या एकाच शब्दाखाली सगळ्यांना बसवून उत्तर काढू नये, अशी माझी विनंती आहे. जुन्या पोथीने सांगितलेले कर्माचे मोठेपण माझ्या घरात जसेच्या तसे लागू होणार नाही.

पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला इथे थांबता येत नाही. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. २०१८ पासून सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत पंजे, म्हणजे मोहरममध्ये बसवली जाणारी हाताच्या आकाराची पवित्र चिन्हे, आणि गणपती शेजारी शेजारी बसले होते. पंजे खांद्यावर घेणाऱ्यांत हिंदू पोरे असतात. त्यांचा माझ्या दीनवर, म्हणजे धर्मावर, विश्वास नाही, आणि असावा असे मी म्हणणारही नाही. तरी ती पोरे ज्या अदबीने पंजा धरतात ते पाहून त्यात अर्थ नाही असे मी म्हणू शकलो नाही, आजवर कधीच नाही. हे माझ्या पहिल्या परिच्छेदाशी जुळत नाही, हे मला दिसते आहे. मी ते तसेच ठेवतो.

आमच्याकडे कर्मांचे मोल नियतीवर ठरते, असे पैगंबरांचे वचन आहे. नियत म्हणजे मनातला हेतू. ती पोरे पंजा धरतात तेव्हा त्यांची नियत आम्हाला फसवण्याची नसते आणि आपण कोणी वेगळे असल्याचे दाखवण्याचीही नसते. शेजाऱ्याचे ओझे उचलण्याची असते. गंगावेशकर भाई, विश्वासाचा प्रश्न आपण बाजूला ठेवा, तो आपल्या हातात नाही. मनात विश्वास आणायचा म्हटले तरी आणता येत नाही. नियत मात्र आपल्या हातात आहे. गाऱ्हाणे घालताना आपली नियत काय असेल?

रंकाळ्याकाठी | गुरुवार, सकाळी ७.४५

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा उल्लेख कसा कोणी केला नाही? नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत. मी स्थापत्य अभियंता आहे. यात सूर्याचा कोन, मंदिराची दिशा आणि मार्गातले अडथळे यांपलीकडे मला काही दिसत नाही; वाटेत इमारती उभ्या राहिल्या की किरणे अडतात, म्हणून त्या अडथळ्यांची मोजमापे घेतली जातात. तरीही किरणे मुखावर आली की सगळे मंदिर ज्या क्षणी एकदम शांत होते, त्या क्षणी मी माझे मोजमाप विसरतो. ज्यांनी हा कोन साधला त्यांची आणि माझी त्या क्षणी गाठ पडते. यासाठी मला देव मानावा लागलेला नाही.

एक वारकरीण | गुरुवार, दुपारी ३.३०

आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी तो कोन साधला, त्यांनी तो देवीच्या मुखासाठी साधला. आपण त्यांच्या श्रद्धेच्या सावलीत उभे राहून शांत होता. सगळेच जण आपल्यासारखे झाले तर पुढचे मंदिर कोण बांधील? हे मी दोष म्हणून नव्हे, काळजी म्हणून विचारते.

शिरोळचा मळा | गुरुवार, रात्री ९.१५

ताईंच्या या प्रश्नाला, आमच्या पुरते, उत्तर आहे: ईश्वर न मानणाऱ्यांनी शेकडो वर्षे मंदिरे बांधली आहेत आणि अजून बांधत आहेत. पण ज्याच्याजवळ आचाराखेरीज काहीच नाही तो बांधील का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जुन्या पोथीला एक विनंती. मीमांसकाला ईश्वर नको होता हे खरे, पण त्याला अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, वेद हवा होता. त्याचा विश्वास ईश्वरावरून उठून वेदावर बसला होता. आजच्या माणसाकडे तोही नाही. त्यामुळे 'न अडखळता उच्चारा' हा सल्ला गंगावेशकरांच्या कामी येणार नाही.

जुनी पोथी | गुरुवार, रात्री १०.०५

आक्षेप योग्य आहे आणि मी तो स्वीकारतो. विधीचे बळ कशातून येते याला मीमांसकाकडे उत्तर होते. ते उत्तर काढून घेऊन नुसता विधी हातात देणे ही माझी घाई झाली.

गंगावेशकर | रविवार, रात्री ९.१०

आठवडाभर सगळ्यांचे लेखन पुन्हा पुन्हा वाचले आणि काल गावी जाऊन आलो. चुलत्यांशी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाशी, बोललो. त्यांचे वय ७४ आहे. मी त्यांना प्रथमच स्पष्ट सांगितले की काका, माझ्या मनात देव नाही. त्यांनी विचारले, "दादाला ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. "मग मला आता कशाला सांगतोस?" ते म्हणाले. मी सांगितले की गाऱ्हाण्याचे शब्द माझ्या तोंडून खोटे होतील, आणि खोटे शब्द मला सगळ्या भावकीच्या वतीने उच्चारायचे नाहीत. ते रागावले नाहीत, पण त्यांना दुःख झाले हे मला दिसले, आणि त्या दुःखाला माझ्याजवळ उपाय नव्हता.

माझ्यापुरते जे स्पष्ट झाले ते लिहितो. पाचव्या सुराने विचारलेल्या नियतीच्या प्रश्नापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. दोर धरताना माझी नियत स्वच्छ असते: शेजारच्याचा तोल जाऊ नये, आणि त्याने माझा जाऊ देऊ नये. वर्षातून एका दिवशी, ज्यांच्याशी बांधाच्या वादावरून मी बोलत नाही त्या चुलतभावाच्या हाताचा ताण माझ्या हाताला कळतो आणि मला त्याला सांभाळावे लागते. असे बंधन मी स्वतःहून स्वतःवर घालून घेतले नसते. एकट्याने विचार करून मी जी नीती जमवली आहे तिच्यात त्या चुलतभावाला जागाच नव्हती. ती जागा काठीने केली. याला मी माया किंवा सवय म्हणू शकत नाही, कारण मायेने मी त्याच्याजवळ कधीच गेलो नसतो. मला याच्यासाठी धर्म हाच शब्द सापडतो, आणि त्यात देव नाही. म्हणून माझ्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर 'अर्थ उरतो' असे आहे.

पण वारकरीण ताईंचे म्हणणेही मी टाळू शकत नाही. ही काठी माझ्यासारख्यांनी उभी केलेली नाही. १० जणांत आम्ही दोघे-तिघे असू तोवर ती चालेल. सगळेच मौन धरून दोर ओढणारे झाले, तर गाऱ्हाणे कोण घालणार, आणि ते गेल्यावर काठी माळ्यावरून खाली कोण काढणार, हे मला सांगता येत नाही. माझ्या वाट्याचा अर्थ हा श्रद्धावानांकडून घेतलेल्या उसनवारीवर उभा आहे. निदान त्यांच्या शब्दांची नक्कल करून ती उसनवारी आणखी वाढवायची नाही, एवढे मी ठरवले आहे.

निळ्या वाटेच्या प्रश्नाचे मी असे केले. काकांना म्हणालो की मान थोरल्या घराचा आहे ना, तर थोरल्या घरात माझी आत्याही आहे. आबांची धाकटी बहीण, वय ७१, नवरा वारल्यापासून माहेरीच राहते. काठीची सगळी कापडे ४० वर्षे तीच शिवते. आमच्या घरात ज्योतिबाला खऱ्या अर्थाने हाक मारणारी तीच एक उरली आहे. गाऱ्हाणे तिने घालावे, काठी मी उभी करतो. आणि दोर धरायला गावातल्या ज्या कोणाला यायचे असेल त्याला आधीच सांगून ठेवावे. माणसे कमी पडली म्हणून ऐनवेळी बोलावल्यासारखे नको.

काका बराच वेळ गप्प होते. बाईने गाऱ्हाणे घातल्याचे त्यांनी कधी पाहिलेले नाही आणि विधवेने तर नाहीच. भावकीतल्या दोघांनी लगेच विरोध केला. दोरांच्या बाबतीत त्यातला एक जण जे बोलला ते इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "शब्द मला पाठ आहेत. दादा घालायचा तेव्हा मी आत मनात म्हणायची." त्यानंतर कोणी काही बोलले नाही, पण होकारही आलेला नाही. पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा बसणार आहोत.

दरम्यान काठी माळ्यावरून उतरवली. गेल्या पावसात कौले गळाली होती, त्यामुळे कळकाला मधल्या पेरापाशी हातभर चीर गेली आहे. काकांच्या मते तांब्याची पट्टी आवळून बांधली की अजून दोन वर्षे जाईल. मला वाटते की नवा कळक आणावा लागेल. इतका उंच, सरळ आणि पक्का कळक मिळण्याची चांगली जागा कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.